जुगाडी प्लंबिंगचा जुना फ्लॅट घेताय? तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक या भागांत पंधरा-वीस वर्षं जुने फ्लॅट पुन्हा विकायला येतात, तेव्हा बिल्डरने केलेलं मूळ प्लंबिंग जसंच्या तसं क्वचितच उरलेलं असतं. कुणी भारतीय संडास काढून कमोड बसवलेला असतो, कुणी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनची सोय केलेली असते, कुणी गिझर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेलेला असतो. काम कुणी केलं, कधी केलं आणि मुळात का करावं लागलं, याचा कागद कुणाकडेच नसतो. मी स्थापत्य अभियंता आहे आणि घर घेणाऱ्यांसाठी खरेदीपूर्व तपासण्या करतो. खालचे प्रश्न सतत येतात. उत्तरांत माझी मतंही मिसळलेली आहेत, ती लपवलेली नाहीत.

घराची तपासणी आणि स्ट्रक्चरल ऑडिट एकच का?

नाही. स्ट्रक्चरल ऑडिट इमारतीचं असतं, ते सोसायटी करून घेते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली ३० वर्षांवरच्या इमारतींना ते सक्तीचंच आहे. त्यात खांब, तुळया, स्लॅब पाहतात. तुमच्या बाथरूममधल्या गिझरची लाइन कोणत्या पाइपची आहे, हे त्या अहवालात सापडणार नाही.

खरेदीपूर्व तपासणी तुम्ही घेणार असलेल्या एका घराची असते. ती कायद्याने सक्तीची नाही, म्हणूनच बहुतेक जण ती करत नाहीत. तरीही सोसायटीकडे शेवटचा ऑडिट अहवाल मागून बघा. त्यात 'संडासांच्या खालच्या स्लॅबमध्ये पाझर' असा शेरा असेल, तर पुढची दिशा तिथेच मिळते.

सगळ्या नळांना पाणी येतंय, कुठे गळत नाही. मग तपासायचं काय?

झालेली दुरुस्ती. बाहेरून दिसणारी गळती मला फारशी घाबरवत नाही. ती दिसते, तिची किंमत काढता येते, व्यवहारात वजा करता येते. त्रास देते ती गळती थांबवल्याचा देखावा करणारी दुरुस्ती. टाइल्सच्या फटींत व्हाइट सिमेंट भरलं, जोडावर एम-सील थापलं, पोपडे सुटलेल्या भिंतीवर पुट्टी मारून रंग दिला, की घर दाखवण्यापुरतं सगळं ठीक दिसतं. पाणी मात्र आपली वाट सोडत नाही. ते फरशीखालच्या कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या भरावात, साचतं, सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून काँक्रीट फुटतं आणि खालच्या घराच्या छतावरून खपल्या पडायला लागतात. तोवर घराचा मालक बदललेला असतो, आणि खालचे काका भांडायला तुमच्या दारात आलेले असतात.

म्हणून तपासणारा माणूस प्रत्येक दुरुस्तीजवळ थांबून एकच गोष्ट शोधत असतो: इथे आधी काय बिघडलं होतं, आणि ते कारण गेलं की फक्त खूण गेली?

घरगुती किंवा अर्धवट दुरुस्ती ओळखायची कशी?

काही गोष्टी घर बघायला गेल्यावर तुम्हालाही दिसतील.

पाइपांचे रंग बघा. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) बहुतेक वेळा फिकट पिवळसर असतो, यूपीव्हीसी (साधा पीव्हीसी) पांढरा, जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) करडा आणि जोडांपाशी गंजलेला. तीन हातांच्या लांबीत तिन्ही दिसले, तर तिथे निदान दोनदा काम झालंय. त्यात गैर काही नाही, पण कुठून कुठे बदल झाला ते विचारा. जीआयच्या गंजक्या टोकावर प्लास्टिकची आट्याची फिटिंग जोर लावून पिळली असेल, तर ती आज ना उद्या तडकते. अशा जोडाला पितळी आटे असलेली फिटिंग लागते आणि ती महाग पडते, म्हणून टाळली जाते.

जोडांवरचा लेप बघा. नीट चिकटवलेल्या जोडाला बाहेरून काही थापावं लागत नाही. एम-सीलचा गोळा, टेफ्लॉन टेपची बाहेरून गुंडाळी, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि त्यावर तार हे सगळं 'उद्या नीट करू' या वर्गातलं असतं. मग तो उद्या येत नाही.

बाथरूमचा उंबरा बघा. जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवल्या असतील तर जमीन वर येते, उंबरा बुटका होतो, दार खालून कापलेलं दिसतं. त्यात नहाणी ट्रॅपकडचा, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडचा, उतारही हरवतो. एक मग पाणी दारापाशी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. ट्रॅपकडे न जाता कोपऱ्यात तळं झालं, तर ते पाणी रोज तिथेच मुरत असणार.

सिंकखाली वाका. बेसिनचा किंवा सिंकचा सांडपाण्याचा पाइप वळ्यावळ्यांचा असतो. तो ट्रॅपशिवाय थेट भिंतीतल्या पाइपात खुपसून कडेला कापड किंवा सिमेंट भरलेलं असेल, तर झुरळं आणि वास यांना दार उघडंच आहे. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहतं, तेच वास अडवतं. दुसरी कुठली जादू त्यात नाही.

कमोडच्या मागे हात घालून बघा, शक्य असेल तर टॉर्चने. भारतीय संडासाच्या जागी कमोड बसवताना जमिनीतल्या पाइपचं तोंड आणि कमोडचं तोंड जुळत नाही. मग मध्ये नळकांडं वाकवून बसवतात, कधी कमोडच भिंतीपासून तिरका ठेवतात. फ्लश केल्यावर तळाशी सिमेंटच्या कडेला ओल फुटते का, ते पाहायचं. १०० मिलिमीटरच्या मैल्याच्या पाइपला दर मीटरला दोन सेंटिमीटरच्या आसपास उतार लागतो. कमोड सरकवून तो उतार खाल्ला गेला असेल, तर तुंबणं दर महिन्याचं होऊन बसतं.

सगळ्याच जुगाडांना घाबरायचं का?

मुळीच नाही. अँगल कॉक बदलला, फ्लशच्या टाकीतला वायसर घरीच घातला, नळाचा स्पिंडल बदलला, यात घाबरण्यासारखं काही नाही. उघड्यावर असलेलं, चावी बंद करून पुन्हा करता येणारं काम हौशी हातांनी केलं तरी चालतं. भिंतीच्या आत, फरशीच्या खाली, गरम पाण्याच्या आणि विजेच्या जवळ गेलेलं हौशी काम वेगळं. तिथे 'माझा मेहुणा हुशार आहे' हे उत्तर मी मान्य करत नाही.

यातली जिवावर बेतणारी कामं कोणती?

चार सांगतो.

पहिलं, गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला बूच. साठवणीच्या गिझरमध्ये पाणी तापलं की फुगतं, आणि जादा दाब त्या व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब बाहेर पडतो. ते टपकणं घरच्यांना खटकतं. मग कुणीतरी तिथे एंड कॅप लावतो आणि टपकणं थांबल्याचा आनंद होतो. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिलं, तर दाबाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. टाकी फुटण्याचे अपघात असे होतात. तपासणीत मी गिझरपाशी सगळ्यांत आधी हे पाहतो.

दुसरं, अर्थिंग तुटणं. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि काही जुन्या इमारतींत अर्थिंगची तार लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधलेली असायची. पाइप जमिनीत गेलेला, त्यामुळे काम भागायचं. पुढे कुणीतरी त्या लाइनचा एक गंजलेला तुकडा कापून तिथे प्लास्टिकचा तुकडा घालतो. पाणी झकास येतं, अर्थिंग मात्र तिथेच संपतं. गिझरच्या कॉइलमधून गळती प्रवाह सुरू झाला, तर तो जमिनीत न जाता नळात येऊन थांबतो आणि ओल्या हाताची वाट बघतो. म्हणून लोखंडी लाइनमध्ये प्लास्टिकचा तुकडा दिसला की प्लंबरबरोबर इलेक्ट्रिशियनही बोलवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती प्रवाह होताच वीज तोडणारा स्विच) घरात आहे का, आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

तिसरं, बंद बाथरूममधला गॅस गिझर. बाथरूमची खिडकी काचेने बंद करून टाकलेली आणि आत गॅस गिझर, अशी रचना दिसली तर तो बाहेर हलवल्याशिवाय तिथे राहायला जाऊ नका. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेला माणूस शुद्धीवर न राहण्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

चौथं, नळाच्या लाइनला थेट जोडलेली मोटर. पालिकेच्या लाइनवर पंप लावून पाणी खेचणं बेकायदा तर आहेच, पण त्या खेचण्याने लाइनमधला दाब उणे होतो आणि कुठे चीर असेल तर आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी आणि पिण्याचं पाणी एकाच टी-जोडाने मिसळलेलं असणं, हाही त्याच जातीचा दोष. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर आला, तेव्हापासून पुण्याचे ग्राहक टाकी आणि जोडण्यांबद्दल आपणहून विचारतात. आधीही विचारायला हवं होतं.

गरम पाण्याच्या लाइनला साधा पीव्हीसी घातला तर काय होतं?

काही महिने काहीच होत नाही, हीच अडचण आहे. साध्या पीव्हीसीची मजल ६० अंश सेल्सिअसच्या आसपास संपते, सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो. गिझरचं पाणी ६० च्या वर सहज जातं. पाइप मऊ पडतो, पोटात झुकतो, जोड सैल होतो. दुसरी चूक सोल्यूशनची. सीपीव्हीसीला त्याचंच सोल्यूशन लागतं, पण पिशवीत पीव्हीसीचा डबा असला की तोच वापरला जातो. बाहेरून फरक कळत नाही. गरम लाइन भिंतीत गळत असेल, तर गिझर चालू केल्यावर अर्ध्या तासाने तिथली टाइल हाताला कोमट लागते. महागड्या यंत्राशिवाय होणारी ही चाचणी आहे.

संडास-बाथरूमच्या फरशीखालची गळती कशी कळते?

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोल्यांपेक्षा खाली टाकलेला असतो. त्याला संकन स्लॅब म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप आणि ट्रॅप बसवून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. पाइपाचा जोड सुटला किंवा टाइल्सच्या फटीतून पाणी झिरपलं, की ते या कोब्यात साठत राहतं. वरून फरशी कोरडी, खाली पाण्याचं भांडं भरलेलं. मग ते स्लॅबमधून खालच्या घरात उतरतं किंवा बाजूच्या बेडरूमच्या भिंतीत चढतं. कपाटाच्या मागची भिंत लोणा लागून पांढरी झाली असेल, तर भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आधी बघा. नव्वद टक्के वगैरे आकडे मी देत नाही, पण पलीकडे बहुधा बाथरूमच निघतं.

चाचणी साधी आहे. नहाणी ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, फरशीवर इंच-दीड इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि २४ तास तसंच ठेवायचं. राहत्या घरात मालक याला पटकन तयार होत नाही, पण रिकामा फ्लॅट असेल तर हट्ट धरा. यातून फरशीची जलरोधकता कळते. पाण्याच्या लाइनसाठी प्रेशर टेस्ट वेगळी असते: सगळे नळ बंद करून हातपंपाने लाइनमध्ये दाब भरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. जुन्या जीआय लाइनला नव्या पाइपाइतका दाब देऊ नये, नाहीतर चाचणीच गळती तयार करेल. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून ठेवला आणि न ओढता कमोडमध्ये रंग उतरला, तर टाकीचा वायसर गळतोय. हे मात्र शंभर-दोनशे रुपयांचं काम, त्यावरून भाव पाडायला जाऊ नका.

आणि या सगळ्या चाचण्यांच्या आधी खालच्या मजल्यावर जा. बेल वाजवा, आपण वरचा फ्लॅट घेण्याच्या विचारात आहोत असं सरळ सांगा आणि त्यांच्या संडासाचं छत बघू द्याल का म्हणून विचारा. तुम्ही घेणार असलेल्या बाथरूमची खरी परीक्षा त्यांच्याच छतावर लिहिलेली असते. शिवाय चहा मिळतो, आणि वरच्या मजल्यावर किती वेळा प्लंबर आला याचा इतिहास मिळतो. एजंटला हे आवडत नाही. तो म्हणेल, 'साहेब, त्यांना कशाला त्रास?' तरी जा. खालच्यांनी छताला नवं पीओपी केलेलं असेल, तर कधी आणि का केलं, हेही विचारा.

मालक म्हणतात, 'बाथरूम आत्ताच नवं केलंय.' मग तपासणीची काय गरज?

उलट तिथेच जास्त. नवं काम चांगलं असू शकतं, त्याबद्दल कागद मागा: ठेकेदाराचं बिल, वॉटरप्रूफिंगची हमी, काम चालू असतानाचे फोटो. आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फोटो असतात. कोबा फोडून पाइप बदलले, तर त्या गोंधळाचा एकही फोटो नसणं अवघड आहे. फोटो नाहीत, बिल नाही आणि सोसायटीची परवानगीही नाही, तर फक्त टाइल्स बदलल्यात असं धरून चाला.

भिंतीवरची ओल पावसाची की नळाची, हे कसं ठरवायचं?

महिन्यांवरून. जूनमध्ये येऊन दिवाळीपर्यंत सुकणारी ओल बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या सज्जातून किंवा गच्चीतून येते. मार्च-एप्रिलमध्येही भिंत ओली असेल तर पाइप बघा. बाहेरच्या डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) बिडाचा जुना सांडपाण्याचा पाइप तडकला असेल तर दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात, तेव्हा डक्टमध्ये डोकावल्याशिवाय निर्णय देऊ नये. कोकणात आणि गोव्यात पावसाची ओल इतकी मुरलेली असते की नळाची गळती तिच्या आड वर्षानुवर्षं खपते. तिथे तपासणी शक्यतो उन्हाळ्यात करा.

थर्मल कॅमेऱ्याने सगळं दिसतं ना?

कॅमेरा तापमान दाखवतो, पाणी नव्हे. ओली भिंत गार असते म्हणून ती वेगळी दिसते, पण गार भिंतीची कारणं इतरही असतात. ओलावा मोजणारं यंत्रही क्षार असलेल्या भिंतीवर जास्त आकडा दाखवतं. दोन्ही उपयोगी आहेत, फक्त रंगीत चित्रांनी भरलेला अहवाल म्हणजे चांगला अहवाल असं समजू नका.

बँकेच्या माणसाने घर पाहिलं आणि कर्ज मंजूर केलं. तेवढं पुरे नाही का?

तो घराची किंमत ठरवायला आला होता, सिंकखाली वाकायला नव्हे.

तपासणी कधी करून घ्यावी?

विसार देण्याआधी. ते जमत नसेल तर विसार पावतीतच 'तपासणीत मोठे दोष आढळल्यास रक्कम परत' असं वाक्य वकिलाकडून घालून घ्या. साठेखत (विक्रीचा नोंदणीकृत करार) झाल्यावर काढलेला दोष हा फक्त तुमचा खर्च असतो.

विकणाऱ्यावरही जबाबदारी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगायला हवा. यातला 'साधारण काळजी' हा भाग नीट वाचा. भिंतीवर पोपडे दिसत असताना तुम्ही विचारलंच नसेल, तर पुढे तक्रार कमकुवत होते. म्हणून प्रश्न तोंडी न विचारता व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने विचारा: आधी कुठे गळती झाली होती, कोणते पाइप बदलले, खालच्या किंवा वरच्या घराशी वाद आहे का. उत्तर टाळलं गेलं, तर तेही लेखी राहतं.

इमारत नवीच आहे. तिथे हे लागू होतं का?

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असं रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम १४ मध्ये आहे. अशा फ्लॅटमध्ये मालकाने स्वतः फरशी फोडून लाइन फिरवली असेल, तर बिल्डर हमखास तिकडे बोट दाखवतो. पाच वर्षांच्या आतला फ्लॅट दुसऱ्याकडून घेत असाल तर काय काय बदललंय याची यादी म्हणूनच महत्त्वाची.

गळतीचा खर्च सोसायटीचा की माझा?

आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपलाइन, ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने बघायची. घरातल्या संडास, सिंक वगैरेंची अंतर्गत गळती ज्याच्या घरातून होते त्याने. फ्लॅट तुमच्या नावावर झाला की आधीच्या मालकाच्या मेहुण्याने केलेल्या कामाची जबाबदारीही तुमच्याकडे येते. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन पावसाच्या पाइपला जोडलेलं असेल, तर खालच्या मजल्यावर साबणाचा फेस निघतो आणि सोसायटीचं पत्र येतं. ते पत्र आधीच आलंय का, हे सेक्रेटरींना विचारायला लाजू नका. मोठ्या बदलांना कमिटीची परवानगी लागते. स्वयंपाकघर किंवा संडास सरकवून खालच्यांच्या बेडरूमवर आणलेला असेल, तर तो फ्लॅट मी तरी घेऊ नका असं सांगतो.

विमा भरून देतो का?

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देतात. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, ओसंडून झालेलं नुकसान त्यात येतं. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल आणि झीज यांची गोष्ट वेगळी, तिथे दावा टिकणं कठीण.

तपासणी कोणाकडून करावी? ओळखीचा प्लंबर चालेल?

चालेल, एका अटीवर: पुढचं दुरुस्तीचं काम त्याला द्यायचं नाही, हे आधीच सांगा. दुरुस्ती मिळणार असेल तर प्रत्येक पाइप बदलायलाच हवा असं दिसू लागतं. महापालिकेचा परवानाधारक प्लंबर, अनुभवी स्थापत्य अभियंता किंवा घर-तपासणी करणारी सेवा यांपैकी कुणीही घ्या, पण अहवाल लेखी आणि फोटोंसह हवा. त्यात 'पाहता आलं नाही' अशा जागांची यादीही हवी. फरशी न फोडता फरशीखालचं सगळं सांगता येत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

एजंटने आणलेला तपासनीस नको. कारण सांगायला हवं का?

आम्ही परदेशात असतो, आई-बाबांसाठी पुण्यात फ्लॅट घेतोय. काय करावं?

अमेरिकेत घर घेताना तपासणी ही करारातलीच पायरी असते, त्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींना ही कल्पना पटवावी लागत नाही. इथे मात्र ती आपणहून करून घ्यावी लागते. कुलमुखत्यारपत्र ज्यांच्या नावे केलंय त्या काका-मामांना तपासणीच्या वेळी हजर राहायला सांगा आणि तुम्ही व्हिडिओवर थांबा. आई-बाबा राहणार असतील तर पाण्याची मेन चावी कुठे आहे आणि ती सत्तरीतल्या हातांनी फिरते का, हे नक्की पाहून घ्या. कित्येक घरांत ती नव्या फर्निचरच्या मागे गेलेली असते.

गावाकडच्या घराचं किंवा बंगल्याचं काय?

तिथे पाइपांपेक्षा सेप्टिक टँक आणि विहीर आधी बघा. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत भारतीय मानकाप्रमाणे किमान १८ मीटर अंतर हवं. जागा कमी म्हणून, किंवा दुसरं बाथरूम नंतर काढलं म्हणून, हे अंतर सर्रास खाल्लं जातं. चिऱ्याच्या जमिनीत भेगा असतात, त्यामुळे कोकणात शक्य तितकं जास्त अंतर बरं. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. सेप्टिक टँकचा हवेचा पाइप बंद केलेला आहे का, हेही बघा. वास येतो म्हणून लोक त्यावर डबा उपडा घालतात. तपासणीच्या नावाखाली कुणालाही टाकीत उतरवू नका: सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे आणि आतला वायू क्षणात माणूस मारतो.

बंद फ्लॅटमध्ये शिरताच गटाराचा वास आला. नको म्हणू का?

थांबा. महिनोन्‌महिने बंद असलेल्या घरात ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं आणि वास सरळ वर येतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये बादलीभर पाणी ओता, खिडक्या उघडा, तासाभराने परत या. वास गेला तर विषय संपला. वरच्यांनी फ्लश ओढल्यावर तुमच्या ट्रॅपमध्ये गुडगुड होऊन वास परत आला, तर गच्चीवरचा व्हेंट (हवेचा) पाइप कुणी बुजवलाय का ते पाहायला वर जा.

तपासणीच्या दिवशी इमारतीत पाणीच नसेल तर?

दिवस बदला. पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहण्याची शक्यता असते, त्यामुळे आदल्या दिवशी सेक्रेटरींना किंवा वॉचमनला फोन करून टाकी भरलेली आहे ना, ते विचारून घ्या. लाइट असणंही तितकंच गरजेचं, गिझर अर्धा तास चालवून बघायचाय. आणि खालच्या काकूंना येण्याची वेळ आधी कळवा, दुपारी दोन ते चार सोडून.